चार महिने सोडलेला चेंडू

“यंदा काय सोडलंस, सूनबाई?”

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे विचारलं तेव्हा माझ्या लग्नाला दोनच महिने झाले होते. दिवस आषाढी एकादशीचा. चातुर्मासात आपण एक तरी जिन्नस सोडावा, ही मला माहेरची शिकवण. सकाळीच देवापुढे तळहातावरून पाणी सोडून मी नेम धरला होता.

“कारलं,” मी म्हटलं.

“आवडतंय व्हय तुला?”

मी रताळ्यांची ताटली पुढं सरकवली.

“सांग की.”

“...नाही आवडत.”

आबांनी रताळ्याची फोड तोंडात टाकली. सावकाश चावली.

“म्हणजे चार महिने कारल्याची सुटका झाली. तुझा नेम कुठाय ह्यात?”

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मला मात्र फार लागलं. दुपारी पुन्हा देवापुढे बसले, कान धरले, आणि चहा सोडला. चहा म्हणजे माझा जीव. आठ दिवस डोकं उठलं होतं. पण नेम पार पडला.

कार्तिकी द्वादशीला सासूबाईंनी नेम सोडायची रीत सांगितली. सोडलेली वस्तू आधी दुसऱ्याच्या हातात द्यायची, मग आपण घ्यायची. मी चहा-साखरेची पुडी शेजारच्या काकूंना दिली आणि मग कप तोंडाला लावला. त्या घोटाची चव अजून जिभेवर आहे.

हे आज सांगायचं कारण धैर्यशील साळोखे.

आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात. संघ हरला की पेठेत दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. आबांनी आमच्या तालमीच्या संघाला सत्तावीस वर्षं शिकवलं. तालमीचा माणूस म्हणून सगळे त्यांना वस्तादच म्हणत.

धैर्यशील त्यांच्याच हाताखालचा. डावखुऱ्या पायाचा. आठव्या वर्षी आमच्या अंगणात आला तो अनवाणी. सोळाव्या वर्षी तालमीच्या मोठ्या संघात, एकविसाव्या वर्षी राज्याच्या संघात. पुढे गोव्याच्या एका क्लबात तीन हंगाम खेळला. त्याचे फोटो पेठेतल्या सलूनमध्ये देवांच्या रांगेत लावलेले असायचे. मग गुडघा गेला. ऑपरेशन झालं, उभा राहिला, खेळला, परत तोच गुडघा गेला.

तेहतिसाव्या वर्षी तो पेठेत परत आला. तोवर आबा थकून घरी बसले होते. तालमीनं धैर्यशीलला कोच केलं, हलगी लावून मिरवणूक काढली.

दोन हंगाम झाले. दोन्ही वेळा संघ शेवटून दुसरा.

तिसऱ्या वर्षी तालमीच्या पंचांनी, म्हणजे कारभारी मंडळींनी, त्याला बोलावून स्वच्छ सांगितलं, दिवाळीनंतरचा पहिला सामना हरलास तर कोच बाहेरून आणणार.

त्याच आठवड्यात आषाढी होती.

“माझ्याच्यानं होत न्हाय वस्ताद. सोडतो मी हे.”

दारात चपला काढता काढताच तो बोलला. हातात जाळीच्या पिशवीत चेंडू. कपाळाला आठ्या.

आबा झोपाळ्यावर होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना अंधुकच दिसायचं.

“बस. काय झालं?”

धैर्यशील खुर्ची ओढून बसला. “पोरांत काय दमच न्हाय. तो तौफिक... पुढं खेळतो तो, मुल्लाणींचा. काल त्याला पन्नास वेळा दाखवलं. पन्नास! अंग असं, पाय असा, चेंडू असा वळला पाहिजे. दगडाला शिकवलं असतं तर दगड वळला असता.”

“काल आलो होतो मी.”

“कुठं?”

“मैदानावर. पोराच्या स्कूटरवर मागं बसून.”

“डोळ्याला पट्टी आणि सराव बघायला?”

“कान उघडे होते की.”

धैर्यशील जरा हसला. “मग? काय ऐकलं?”

“एकच पाय.”

“...म्हणजे?”

“दीड तास बसलो. एकच किक ऐकू येत होती. तुझी. अजून तसाच आवाज हाय मर्दा.”

धैर्यशीलची मान ताठ झाली. कौतुक कुणाला नको असतं?

“आणि बाकीची पोरं?” आबांनी विचारलं. “त्यांचे पाय काय वाजत नव्हते.”

“ती... बघत होती.”

झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत राहिली.

“मला काय ते कळत न्हाय,” धैर्यशील म्हणाला. “पंचांनी काढायच्या आधी मीच जातो. आज एकादशी. दिवस चांगला हाय. सोडलं.”

“काय सोडलंस?”

“कोचगिरी.”

“आवडती तुला?”

“खरं सांगू?... न्हाय आवडत. काठावर उभं राहून नुसतं ओरडायचं, आणि आत दुसऱ्यानं खेळायचं.”

स्वयंपाकघरात मी भगर ढवळत होते. हात जागीच थांबला.

“सूनबाई, ऐकलंस का?” आबांनी बाहेरून हाक दिली. “ह्यानं पण कारलं सोडलं!”

मी दारात आले, पण मला हसू आवरेना. धैर्यशील आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला.

“कारलं? मी खातो की कारलं, वस्ताद.”

“चांगलं हाय. आईचा गुडघा कसाय?”

“बरा हाय. तेलानं फरक पडलाय.”

“आणि तुझा?”

“माझा काय... जिना उतरताना दुखतो.”

बोलणं असं इकडचं तिकडचं चाललं होतं. आणि खुर्चीखालून बारीक आवाज येत होता. खर्र... खर्र... शहाबादी फरशीवर काहीतरी घासल्यासारखा.

आबांनी कान टवकारले.

“काय वाजतंय रे?”

“कुठं काय? चेंडू हाय पायाखाली.”

“थांबव.”

आवाज थांबला.

आबांनी तालमीच्या छपराची चौकशी केली. धैर्यशीलनं उत्तर दिलं. आबांनी कुणाच्या तरी लग्नाचं विचारलं. धैर्यशील सांगू लागला...

खर्र... खर्र...

आबांनी एक बोट वर केलं. धैर्यशील बोलता बोलता थांबला. खाली बघितलं. त्याचा डावा पाय चेंडूवर होता, आणि चेंडू मागं-पुढं होत होता. त्यालाच ठाऊक नव्हतं.

“ते सोड,” आबा म्हणाले.

“काय?”

“चेंडू. आजपासून कार्तिकी द्वादशीपर्यंत. पायानं न्हाय, हातानं न्हाय, डोक्यानं न्हाय.”

धैर्यशील आधी हसला. मग आबांचं तोंड बघून हसू जिरलं.

“वस्ताद, मी कोच हाय फुटबॉलचा.”

“म्हणूनच.”

“मग शिकवू कशानं?”

आबांनी पायानं झोपाळ्याला रेटा दिला.

“वहिनी, तुम्ही तरी सांगा की ह्यांना! पोळ्या लाटायला शिकवायचं आणि लाटण्याला हात लावायचा न्हाय, असं असतंय व्हय कुठं?”

मी काय सांगणार? आबांनी पळी-भांडं आण म्हटलं होतं, ते घेऊन मी उभी होते.

“चार महिन्यांनी सामना हाय,” धैर्यशीलचा आवाज खाली आला. “माझी जागा जाईल.”

“मघाशी तूच सोडत होतास.”

त्यानं चेंडूवरचा पाय काढून घेतला. मग हात पुढं केला. मी तळहातावर पळीभर पाणी घातलं. त्यानं डोळे मिटले आणि पाणी ताम्हनात सोडलं.

“करून दाखवतो वस्ताद.”

“मला दिसत न्हाय. दाखवू नको.”

तो उठला. सवयीनं चेंडू उचलायला वाकला... आणि अर्ध्यातच थांबला. कमरेत लचक भरल्यासारखा तसाच वाकून उभा.

“वहिनी... तेवढा तुमच्याकडं राहू दे.”

मी चेंडू जाळीच्या पिशवीत घातला आणि देवघराबाहेरच्या खुंटीला टांगला. तो चार महिने तिथंच होता. सकाळी निरांजन ओवाळून वळले की समोर तोच दिसायचा.

पेठेत बातमी दुपारपर्यंत पसरली.

पहिले दिवस हालाचे गेले. चेंडू घरंगळत त्याच्याकडे आला की धैर्यशील साप आल्यासारखा उडी मारायचा. पोरांना तेवढंच निमित्त. मुद्दाम त्याच्याकडे चेंडू सोडायची. चिखलातून उड्या मारणारा राज्याचा खेळाडू बघायला कट्ट्यावर गर्दी व्हायची.

“साळोखे सरांना फुटबॉलचं सुतक लागलंय!”

“बाराव्याला पेढे हायत का ओ, सर?”

तो दात-ओठ खायचा. पण पाय लावला नाही.

शिकवताना आणखी पंचाईत. हात हवेत फिरवायचा. “असं... असं न्हवं रे... हे असं!” पोरं खो-खो हसायची. वीस वर्षं जे पायानं केलं, त्याला तोंडात शब्दच नव्हता. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, नंतर.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी तो आला. माझा उपास होता, दिवा लावून मी जेवणाच्या तयारीला लागले होते. आबांची पट्टी निघाली होती, जाड भिंगाचा चष्मा आला होता.

“वस्ताद, एक किक. एकच.”

“कशाला?”

“तौफिकचा चेंडू वळत न्हाय. मी एकदा मारून दाखवली की कळंल त्याला.”

“पन्नासदा दाखवलीस, असं म्हणाला होतास.”

“एक्कावन्नावी.”

आबांनी चष्मा काढून पंच्यानं पुसला.

“तुला कुणी दाखवली होती?”

“तुम्हीच की.”

“मी? कधी?”

“अहो, आठव्या वर्षापासनं मी तुमच्या...” धैर्यशील थांबला. आठवू लागला. “त्या... शाळेच्या सामन्याच्या वेळी... न्हाय, तेव्हा तुम्ही काठी घेऊन उभा होता. मग त्या...”

झोपाळा कुरकुरत होता.

“वस्ताद... मी तुम्हाला किक मारताना बघितलंच न्हाय.”

आबा चष्मा पुसतच राहिले.

“आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला येतच न्हाय.”

“कानावर यायचं माझ्या.”

“मग मला आली कशी?”

आबांनी चष्मा डोळ्यावर चढवला, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि म्हणाले, “सूनबाई, ह्याला ताक दे.”

ताक देताना मला सासूबाईंचं एक बोलणं आठवलं. त्या जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी एकदा त्यांना विचारलं होतं, आबा स्वतः कधी खेळलेच नाहीत का? तर त्या म्हणाल्या होत्या, “खेळायचे तर! आडव्या अंगानं मारायचे, गोलकीपर बघत राहायचा. पण कोच झाले त्या आषाढीला चेंडूवर पाणी सोडून बसले. आणि पुढं त्यांनी तो नेम कधी उतरवलाच न्हाय.”

मी हे धैर्यशीलला सांगितलं नाही. माझ्या सांगण्यातलं ते नव्हतं.

ताकाचा पेला खाली ठेवून त्यानं विचारलं, “मग आता काय करू? तोंडानं सांगता येत न्हाय.”

“मग सांगू नको. विचार.”

“कुणाला?”

“ज्याचा पाय हाय त्याला.”

गणपतीत तो पुन्हा आला. आरती झाली होती. मी पानावर मोदक वाढला, वर तूप घातलं. तो मोदकाकडे नुसता बघत राहिला.

“विचारलं वस्ताद.”

“हं.”

“म्हटलं, तौफिक, तुझ्या मनानं कुठनं मारावंसं वाटतंय तुला? आधी घाबरलाच. त्याला वाटलं मी टोमणा मारतोय. मग म्हणाला... सर, तुम्ही मारून दाखवता तेव्हा तुमचाच पाय दिसतो मला. माझा मला सापडत न्हाय.”

आबा ऐकत होते.

“दोन वर्षं मी त्याला शिव्या घालतोय.”

“मोदक गार होतोय,” आबा म्हणाले.

त्यानं मोदक खाल्ला. उठताना खुंटीवरच्या चेंडूकडे एकदा बघितलं. पण तिकडे पाऊल टाकलं नाही.

त्यानंतर मैदानावरच्या उड्यांच्या गोष्टी ऐकू येईनाशा झाल्या. आबा आठवड्यातून दोनदा स्कूटरवर मागं बसून जायचे आणि परत येऊन न बोलता जेवायचे. एकदाच म्हणाले, “आज लई पाय वाजत होते.” त्या रात्री त्यांनी भाकरी एक जास्त खाल्ली.

दिवाळी झाली. हंगामातली पहिली स्पर्धा लागली आणि आमच्या तालमीचा सामना आला नेमका कार्तिकी एकादशीला. नेम उतरायला एक दिवस बाकी.

मी उपासाची होते तरी आबांना हाताला धरून स्टेडियमवर घेऊन गेले. सारी पेठ लोटली होती. समोर पलीकडच्या पेठेची माणसं, इकडं आमची. शिट्ट्या, हलग्या, भंडारा. खाली काठावर धैर्यशील उभा होता. हात मागे बांधलेले. आमच्या शेजारच्या रांगेत तालमीचे पंच. त्यांचे चेहरे बघून मी मनात स्तोत्र सुरू केलं.

विसाव्या मिनिटाला आपल्यावर एक गोल चढला.

मग चढलेलाच राहिला. आपली पोरं चांगली खेळत होती, हे मला बाईमाणसालासुद्धा कळत होतं. एकमेकांना हाका मारत होती, जागा बदलत होती. कुणी काठाकडं, कोचकडं बघत नव्हतं. पण गोल होत नव्हता. घड्याळ पुढं चाललं होतं.

शेवटची पाच मिनिटं राहिली. चेंडू त्यांच्या पोराच्या पायाला लागून बाहेर आला. थ्रो आपला. आणि चेंडू घरंगळत, घरंगळत थेट धैर्यशीलच्या पायाशी.

असा चेंडू जवळ उभा असेल त्यानं झटकन उचलून द्यायचा असतो. पिछाडीवर असताना तर एक-एक सेकंद मोलाचा.

“दे की! फेक!” सारी गॅलरी उठली.

धैर्यशील खाली वाकला. हात पुढं झाला. मी आबांचं मनगट घट्ट धरलं.

तेवढ्यात मैदानाच्या मधनं आरोळी आली.

“सर! शिवू नका! एकच दिस ऱ्हायलाय!”

तौफिक होता. पळत येत होता. त्याच्या मागनं दुसरा ओरडला, “पाय मागं घ्या सर, आलोच!” तिसरा ओरडला. पोरांनी दिवस मोजले होते. सुतकाचे टोमणे मारणारी तीच पोरं.

धैर्यशीलनं हात आवरला. पाय मागं घेतला. चेंडू त्याच्या पुढून घरंगळत पार भिंतीपर्यंत गेला.

“ए साळोखे, देवळात जाऊन बस!” गॅलरीतून कुणीतरी ओरडलं. एका पंचानं कपाळावर हात मारला.

तौफिक भिंतीपर्यंत धावला. चेंडू काखेत मारला, परत आला. धैर्यशीलसमोरून जाताना दोघांची नजरानजर झाली असेल, मला एवढ्या लांबून दिसलं नाही. तौफिकनं स्वतःच थ्रो टाकला, पुढच्यानं चेंडू त्यालाच परत दिला. तौफिक आत घुसला. दोघं आडवे आले. मला वाटलं, आता तो धैर्यशीलसारखा आतल्या बाजूनं वळवणार.

त्यानं उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं मारला. वाकडाच. चेंडू भलतीकडंच चाललाय असं वाटलं, आणि मग तो बाहेरून आत आला.

एक-एक.

सामना बरोबरीत सुटला. हरलो नाही. पंचांपैकी म्हातारे होते ते खाली उतरून धैर्यशीलजवळ गेले, त्याच्या कपाळाला भंडारा लावला. म्हणजे हंगामभर तोच राहणार, हे सगळ्यांना कळलं.

आबा मात्र बसूनच होते. मी म्हटलं, “आबा, चला ना.” तर म्हणाले, “जरा थांब. तो आवाज पुन्हा ऐकतोय.” मैदानावर तेव्हा काहीच वाजत नव्हतं.

द्वादशीला सकाळी मी नैवेद्य दाखवला आणि धैर्यशील दारात उभा. आंघोळ करून, पांढरा सदरा घालून.

“वस्ताद, ती किक मी त्याला शिकवली नव्हती.”

“ठाऊक हाय.”

“मला येत पण न्हाय ती. उजव्या पायानं, बाहेरनं... चार महिने मी चेंडू सोडला नसता तर...”

“नेम उतरव आधी,” आबा म्हणाले. “सूनबाई, काढ तो.”

मी खुंटीवरची पिशवी काढली. चेंडूवर धूळ बसली होती, ती पदरानं पुसली. धैर्यशीलच्या हातात दिला. चार महिन्यांनी. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, बोटं सगळीकडून फिरवली, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी.

“आधी दुसऱ्याला द्यायचा असतो,” मी रीत सांगितली. “मग आपण घ्यायचा.”

“ठाऊक हाय वहिनी. आई सोडते की दरसाल वांगं.” तो हसला. “काल रात्रभर इचार केला कुणाला द्यावा. तौफिकला म्हटलं, तर म्हणतो, मला कशाला, सर, माझ्याकडं हाय.”

मग तो झोपाळ्यापुढं खाली बसला. चेंडू आबांच्या मांडीवर ठेवला आणि पायांवर डोकं टेकलं.

“तुम्हाला देतो.”

झोपाळा थांबला.

आबांनी चेंडूला हात लावला नाही. दोन्ही हात तसेच, बाजूला. कितीतरी वेळ... बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग त्यांचा एक हात हलला. मग दुसरा. चेंडू उचलून त्यांनी छातीशी धरला. भिंगाच्या मागं डोळे कुठं बघत होते कुणास ठाऊक.

“किती वर्षं झाली गं सूनबाई, मला कोच होऊन?”

मी हिशेब करून सांगितलं, “सदतीस.”

“सदतीस.” त्यांनी मान हलवली. आणि चेंडू परत धैर्यशीलच्या ओंजळीत ठेवला. “घे. माझं पण द्यायचं राहिलं होतं.”

धैर्यशीलला आधी कळलं नाही. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो चेंडू तसाच धरून रडायला लागला. एवढा मोठा गडी.

आबांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, “उठ. पोरं वाट बघत असतील.”

“आता... आता तुम्ही एक मारा की वस्ताद. अंगणात. मला बघायचीय.”

“तुला?” आबा म्हणाले. “तुझा पाय हरवंल लेका.”

आता आबा नाहीत. धैर्यशील कोच आहे, हा त्याचा दहावा हंगाम. तौफिक शेजारच्या गावातल्या शाळेत पोरांना शिकवतो आणि आषाढीला न चुकता भेटायला येतो. त्यानं काय सोडलं असेल ते मी विचारत नाही. मैदानावर तो हात मागं बांधून उभा असतो, असं ऐकते.

आषाढी जवळ आली की तालमीतली नवी पोरं, पेठेतल्या सुना, कुणी ना कुणी विचारायला येतंच, “काकू, आम्ही यंदा काय सोडू?” तुम्हीही विचाराल. माझी एवढीच विनंती आहे, तुम्हीही एक सोडा. चारच महिने. देव बघतो, तो सांभाळून घेतो. आणि द्वादशीला आधी दुसऱ्याच्या ओंजळीत द्या, मग आपण घ्या.

काय सोडायचं ते मी कोण सांगणार? आबांना कुणी विचारलं की ते झोपाळ्यावरून समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवायचे.

“बस तिथं. बोलत राहा. आणि पाय कुठं जातोय बघ.”